दोन फोटोंना एकच डोळे

"बाई, तुळशीवर बांगडी येऊ देऊ नका," दाराबाहेरून हरवलेल्या बाईची नणंद म्हणाली. "तुळस झाकली की तिला आवडत न्हाई."

मी पोस्टमार्टमच्या खोलीत होते. समोर विहिरीतून काढलेली बाई पांढऱ्या कापडात होती. सवाष्ण म्हणून घरच्यांनी हिरवं लुगडं आणि हिरव्या बांगड्या आणल्या होत्या, पण आत यायची हिंमत कुणाला नव्हती. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. हात इतका सुजला होता की बांगडी बोटांच्या पुढे जाईना.

"कुठली तुळस?" मी विचारलं.

"गोंदल्याली. डाव्या हातावर, मनगटाच्या वर. खाली तिच्या नवऱ्याचं नाव हाय."

मी डावा हात उलटा केला. सुलटा केला. मग उजवाही पाहिला. दोन्ही हात कोरे होते.

बाहेर ट्रॅक्टर उभा होता. गावाकडे लाकडं रचून तयार होती. मयताची ताबा पावती लिहून झाली होती, नवऱ्याचा अंगठा तेवढा राहिला होता. तो अंगठा उमटला असता तर आमच्या ठाण्याचे दोन कागद एकदम मिटले असते: विहिरीतल्या अनोळखी बाईचा आणि त्याच्या हरवलेल्या बायकोचा. मग त्याच्या बायकोला पुन्हा कुणीही शोधलं नसतं.

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी मी विसरले. तो कोरा हात विसरले नाही.

मी सातवीपर्यंत शिकले आहे. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून घरी आले. ही गोष्ट जाफराबादकडच्या एका ठाण्यातली आहे. ठाण्याचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. तेव्हा मोबाइलमध्ये फोटो निघायला लागले होते, पण भिंतीवर लावायचा फोटो लोक अजून स्टुडिओतूनच करून घेत.

पोस्टमार्टमच्या नऊ दिवस आधी हरवलेल्या बाईचा नवरा बहिणीला घेऊन ठाण्यात आला होता. धनगराचं घर, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी शेळ्यामेंढ्या. अंगारकीला नणंद-भावजय दोघी राजूरच्या गणपतीला गेल्या होत्या. दर्शनाच्या रांगेत नणंदेचा हात सुटला, आणि भावजय काही परत दिसली नाही. दोन दिवस त्यांनी स्वतः शोधलं, मग आमच्याकडे आले.

मिसिंग रजिस्टर माझ्याकडे होतं. मी म्हणाले, "फोटो आहे का?"

त्याने पिशवीतून काचेची फ्रेम काढली. घरच्या भिंतीवरून उतरवून आणली होती. त्यात नवरा-बायको एका तळ्यासमोर उभे होते. मागे बर्फाचे डोंगर. नवऱ्याच्या अंगात निळा कोट.

"हा कोट तुझा?"

"न्हाई बाई. फोटोवाल्यानं घातला."

मी हसले आणि लिहायला लागले. रंग, गोरा. चेहरा गोल. कपाळ मोठं. ओळखीची खूण, काही नाही. सगळं फ्रेमकडे बघून लिहिलं. नणंद मधे म्हणाली, "बाई, जरा मला बी इचारा की." मी तिला म्हणाले, "थांब, तुझा जबाब वेगळा घेते." तिने तोंड वाकडं केलं. तो जबाब घ्यायचा राहून गेला.

कोट खोटा आहे हे मला पहिल्या क्षणी कळलं होतं. चेहरा खोटा असेल हे डोक्यात आलं नाही. चूक माझी होती.

तेच वर्णन सगळ्या ठाण्यांना गेलं. फ्रेमवरून काढलेली झेरॉक्सही गेली. कुठून काही आलं नाही. नवरा रोज यायचा. बाकावर बसायचा, पाणी प्यायचा, जायचा. सातव्या दिवशी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला, विहिरीत बाई तरंगते आहे. आम्ही गेलो. तीन दिवस तरी पाण्यात असावी. चेहऱ्यावरून काही सांगता येत नव्हतं.

आमच्याबरोबर फोटोवाला होता. बसस्टँडसमोर त्याचा स्टुडिओ. ठाण्याचे पंचनाम्याचे फोटो तोच काढायचा. त्या कामात तो फार कडक होता. पंचाचा पाय चुकून मयताच्या चपलेला लागला तरी ओरडायचा, "जागेवर जसं हाय तसं राहू द्या. माझ्या फोटोत खोटं येतं." आमचे साहेब तरुण होते, पहिलीच नेमणूक. ते फोटोवाल्याला म्हणाले, "शोधपत्रकासाठी चेहरा जरा बघण्यासारखा कर. असा कोणी छापणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने बघण्यासारखा चेहरा आणून दिला. सूज उतरवलेली, रंग सारखा केलेला, केस विंचरलेले, डोळे उघडे. साहेब खूष झाले. मलाही काही वाटलं नाही. मेलेल्या माणसाचे डोळे उघडून फोटो करायची आमच्याकडे रीतच आहे. घरात कुणाचा जन्मात फोटो निघालेला नसतो. माणूस गेलं की फोटोवाल्याला बोलावतात, तो डोळे उघडे करून देतो, मग त्याला हार घालतात.

नवऱ्याने तो फोटो पाहिला. फ्रेम शेजारी धरली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. आणि बाकावरून खाली जमिनीवर बसला.

"हीच हाय," तो म्हणाला. "डोळे बघा ना. हीच हाय."

आम्ही बघितलं. डोळे बरोबर तेच होते.

म्हणून ते हिरवं लुगडं, त्या बांगड्या आणि तो ट्रॅक्टर.

मी खोलीबाहेर आले आणि साहेबांना म्हणाले, "ही ती नाही. हातावर गोंदण नाही."

साहेबांनी नवऱ्याला विचारलं, "तुझ्या बायकोच्या हातावर गोंदण होतं?"

त्याने फ्रेमकडे बघितलं. मग म्हणाला, "व्हतं साहेब. पर फोटोत न्हाई."

"मग?"

"मंग पुसलं आसंल."

नणंद उसळली. "गोंदण पुसतं व्हय रे? मेल्यावर संगं जातं ते. पंचवीस वर्सं त्या हाताची भाकर खाल्लीस, अन काचंतल्या बाईला इचारतोस?"

"फोटो खोटं बोलंल का?" तो म्हणाला. रागाने नव्हे, खरंच विचारत होता.

त्या माणसाला मी दोष देत नाही. अकरा दिवस माणूस शोधून थकला की त्याला उत्तर पाहिजे असतं. वाईट असलं तरी चालतं. रात्री अंग टाकता आलं पाहिजे एवढंच.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाण्यात वरची कातडी निघाली तरी गोंदण जात नाही, ते खालच्या थरात असतं. साहेब म्हणाले, "बाई, पण नवरा ओळखतो आहे. फोटो जुळतो आहे. फक्त बहीण म्हणते गोंदण होतं. मी दोन साक्षी मानू की एक?"

"फोटो साक्षीदार आहे तर त्याची उलटतपासणी करू या. चार वाजेपर्यंत ताबा देऊ नका."

साहेब तरुण होते, पण ऐकणारे होते. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला चहा प्यायला पाठवलं.

मी दोन्ही फोटो घेऊन स्टुडिओत गेले. फोटोवाला एका नवरीच्या गालावरचे खड्डे बुजवत बसला होता. कॉम्प्युटरवर माऊस फिरवला की खड्डा जायचा. मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले.

"ही धनगराची बाई तू काढलीस?"

"काढली की. पोराच्या साखरपुड्यात. कश्मीर बी मीच दिला."

"कपाळावर काय होतं तिच्या?"

तो नवरीकडेच बघत राहिला. मी माऊस त्याच्या हातातून काढून घेतला.

"गोंदण व्हतं, बाई. कपाळाला व्हतं, हनुवटीला व्हतं. काढून टाकलं."

"तिनं सांगितलं?"

"सांगतं कोण. समद्यांचंच काढतो मी. आता पोरींना नको वाटतं ते. सुनंनं म्हणावं सासू झकास हाय. रंग बी दोन बोटं उजळला."

"ठाण्याच्या कामाला येतोस तर झाडाचं पान हलवू देत नाहीस. इथे बायकांची तोंडं बदलतोस?"

आता तो खुर्ची फिरवून माझ्याकडे बघू लागला. वाद घालायला त्याला फार आवडायचं.

"ते काम कॅमेऱ्याचं हाय, बाई. बटन दाबलं की झालं, कुणी बी दाबंल. हे काम माझं हाय. ती बाई जन्मभर उन्हात शेळ्यामागं पळली. तिला एक डाव सावलीत उभं केलं तर कुणाचं काय गेलं?"

"तिचं गेलं. तिच्या जागी दुसरीला जाळायला निघालेत."

त्याचा चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "आणि विहिरीतलीला डोळे कशाला दिलेस? तिला कुठल्या सुनेला दाखवायचं होतं?"

त्याने खुर्ची पुन्हा पडद्याकडे फिरवली. नंतर हळू म्हणाला, "तिच्या घरचं कुणीतरी ते बघणार व्हतं. तसलं तोंड बघून कोण म्हणलं असतं, ही आमची हाय?"

चांगल्या मनाने केलेल्या चुकीची तपासणी सगळ्यात अवघड. चोर दोन प्रश्नांत सापडतो, हा माणूस नाही सापडत.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर होतं. तिने माझ्यासमोर कप धरला आणि म्हणाली, "घ्या ताई. हा बोलत बसला तर इथंच सांज व्हईल तुमची."

मी कप घ्यायला वर बघितलं आणि बघतच राहिले. मग हातातल्या फोटोंकडे पाहिलं. फ्रेममधली धनगरीण. विहिरीतली बाई. आणि समोर कप धरून उभी असलेली ही. तिघींचे डोळे एकच. लांब पापण्या, डावा डोळा किंचित मोठा, आणि दोन्हींत खिडकीचा तोच पांढरा ठिपका.

"हे डोळे हिचे आहेत," मी म्हणाले.

फोटोवाल्याने मान खाली घातली. त्याच्या बायकोने फ्रेम हातात घेतली आणि निरखून बघितली.

"माझेच हायत," ती म्हणाली. "आरं, आन ही कोण? हिला बी? अर्ध्या तालुक्यातल्या बाया माझ्या डोळ्यांनी बघून राह्यल्या, अन मला इचारलं बी न्हाई यानं."

"फ्लॅशला डोळे मिटतात बाया," तो म्हणाला. "उघडे कुठून आणू? तुझे चांगले हायत म्हणून लावले."

"लग्नाला वीस वर्सं झाली. तोंडावर कधी म्हणला न्हाईस."

"आता म्हणलो की. साक्षीला पोलीस बी हायत."

"चहा प्या ताई," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी चहा प्याले. चांगला होता.

नवऱ्याने डोळ्यांवरून ओळखलं होतं. ते डोळे त्याच्या बायकोचे नव्हते आणि मयताचेही नव्हते. एका हाताने दोन बायांना एकच डोळे लावले, आणि ते बरोबर जुळले. न जुळले असते तरच नवल.

"मूळ फोटो आहे का? की पुसलास?"

"असल मी कधी पुसत न्हाई, बाई." त्याने कॉम्प्युटरमध्ये गावाचं नाव शोधलं. "बनवल्यालं गिऱ्हाइकाचं. असल माझं."

पडद्यावर ती बाई आली. मागे कश्मीर नव्हतं, मांडवाचा निळा पडदा होता. काळी, कडक, गालाची हाडं वर. कपाळावर उभी रेघ आणि टिंब. हनुवटीवर तीन टिंबं. डाव्या हातावर तुळस, आणि हात असा पुढे धरलेला की तुळस दिसावी. डोळे गच्च मिटलेले. तीन फोटो काढले होते, तिन्हीत मिटलेले. समोरून गोळी सुटणार असल्यासारखी उभी होती.

तोच पडद्याकडे बघून म्हणाला, "चांगली हाय की ही. मी उगंच खपलो."

त्याने जसाच्या तसा फोटो छापून दिला. पैसे घेतले नाहीत. मी ठाण्यात आले आणि साहेबांच्या टेबलावर दोन्ही ठेवले. साहेबांनी ताबा पावती फाडली. मी नणंदेला बसवलं आणि नऊ दिवसांपूर्वी घ्यायचा जबाब तेव्हा घेतला. रंग, काळा. खुणा, कपाळ, हनुवटी, डावा हात. समोरचा एक दात अर्धा. उजव्या पायाला शेळीने शिंग मारल्याचा व्रण. लिहून हात दुखला.

"आता इचारलं बाईनं," नणंद भिंतीकडे बघून म्हणाली. मी ऐकून घेतलं.

तेच वर्णन मी वायरलेसवर दिलं आणि ओळखीच्या ठाण्यांत फोनही लावले. तासाभरात जालन्याहून एका हवालदाराचा फोन आला. राजूरच्या रस्त्यावर जीपने उडवलेली एक अनोळखी बाई अकरा दिवसांपासून दवाखान्यात आहे. जबडा मोडला आहे, बांधून ठेवला आहे, बोलता येत नाही. तोंड सुजलं आहे.

"कपाळावर रेघ अन टिंब?"

"हाय ना बाई. पर तुमच्या कागदात गोरी लिव्हलं व्हतं, खूण न्हाई लिव्हलं व्हतं. मी फोटो घेऊन गेल्तो तिच्यापाशी. बिलकुल जुळला न्हाई. वर्णन जुळत न्हाई म्हणून शेरा मारला."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तो माझ्याच अक्षरावर विसंबला होता.

लगेच जीप काढली. नवरा, नणंद आणि मी. नवऱ्याने फ्रेम मांडीवर धरली होती. राजूर आलं तेव्हा नणंदेने खिडकीतून देवळाच्या दिशेने बघून म्हटलं, "तुझ्या दारात हात सुटला. आता तूच बघ."

दवाखान्यात खाटेवर एक बाई पडली होती. डोक्याला, जबड्याला पट्टी. डोळे सुजून मिटलेले. मी खिशातून मूळ फोटो काढला. फोटोतही डोळे मिटलेले, खाटेवरही मिटलेले. चादरीबाहेर डावा हात होता. त्यावर तुळस.

नवरा दारातच थांबला होता. फ्रेमकडे बघत होता, खाटेकडे बघत होता. पुन्हा तेच करायला लागला होता. नणंदेने त्याच्या हातातली फ्रेम काढून घेतली आणि खाटेखाली उलटी ठेवली. मग भावजयीच्या हाताला हात लावला.

"कुठं गेल्तीस गं," ती म्हणाली. "चिपाडासारखी झालीस."

सुजलेल्या पापण्या थोड्या फडफडल्या. त्या बाईने नणंदेला पाहिलं. हात वर केला आणि दोन बोटांनी हवेत काहीतरी ओढल्यासारखं केलं, पुन्हा पुन्हा. मला समजेना. डोक्याला मार लागल्याने करत असेल असं वाटलं.

"व्याली, शेळी व्याली," नणंद म्हणाली. "दोन पिल्लं हायत. दूध बी चांगलं हाय. एक अगदी तुझ्यावानी आडमुठं हाय."

त्या बाईने हात खाली ठेवला. अकरा दिवस तिला कुणाला विचारता आलं नव्हतं ते विचारून झालं. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुढे आला, खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "फोटोत तू येगळीच दिसत व्हतीस."

ती डोळे मोठे करू शकत नव्हती, तरी तिने कसं बघितलं ते मला कळलं. तोही ओशाळला. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे काही नाही. भूक लागली होती, भजी खाल्ली.

विहिरीतली बाई राहिली. तिचाही मूळ फोटो मी काढून घेतला आणि तोच पाठवला, जसा होता तसा. काही ठाण्यांतून तक्रार आली की हे कसलं भयंकर पाठवता. पण तिला बघायला कुणी आलं नाही. मुदत संपल्यावर आम्हीच तिला पुरलं. ते हिरवं लुगडं आणि बांगड्या नणंदेने परत नेल्या नाहीत. तिच्याबरोबर दिल्या. तिचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. आमचा अर्धा तपास फसला, हे लिहिलं पाहिजे.

त्यानंतर मी फोटोवरून वर्णन लिहिलं नाही. फोटो समोर असला तरी आधी घरच्या बाईला विचारायचं: अंगावर खुणा काय, दात कसे, चालते कशी, राग आला की काय करते. हाताखालच्या पोरांना मी तेच शिकवलं. ती हसायची. आता तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि प्रत्येकाचा चेहरा फोनच गोरा करून देतो. परवा माझ्या नातसुनेने माझा फोटो काढला. त्यात माझ्या तोंडावर एकही सुरकुती नव्हती. मी म्हणाले, ही हरवली तर कुणालाच सापडणार नाही.

फोटोवाला आणि मी पुढेही त्याच वादावर भांडत राहिलो. तो म्हणायचा, "बाई, असल फोटो कोण भिंतीवर लावतं?" त्याचंही खरं आहे. धनगराच्या त्या घरात मी नंतर गेले होते, भिंतीवर कश्मीरच होतं. फक्त मधे फोटोवाल्याने एक दुरुस्ती करून दिली होती. कपाळावर रेघ आणि टिंब परत बसवलं होतं, तुळस परत बसवली होती. डोळे मात्र बदलले नव्हते. मिटलेले कसे लावणार, असं त्याचं म्हणणं पडलं. माझं मत असं की जे काम ठाण्यात यायचं आहे ते जसं आहे तसं पाहिजे, आणि जे भिंतीवर जायचं आहे ते त्याने खुशाल बनवावं, त्यात त्याची कला आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त असल पुसू नये. त्याने पुसलं नव्हतं म्हणून आम्ही निभावलो.

तो धनगर चार वर्षांपूर्वी गेला. नणंद त्याच्या आधी. फोटोवाला गेल्या साली हृदयविकाराने गेला, त्याची बायको मुलाकडे असते. साहेब बदलून कुठे गेले मला माहीत नाही. ती बाई जिवंत आहे.